वस्तीची गाडी

माझं काम साधं: एक चाक ढकलत चालायचं.
दर मीटरला ते टक् करतं.
निझव्यात बसथांब्यापासून इस्पितळाच्या दारापर्यंत
एक हजार एकशे चाळीस टक्,
त्यातले सावलीतले नऊ.
सावलीला रकाना नाही.
मी कडेला लिहितो, पेन्सिलीने.

बस चांगली आहे. थंड, वेळेवर.
मस्कतहून येते, मस्कतला जाते.
डोंगरातल्या माणसांना ती दिसते
खाली, दूर, काडेपेटीएवढी.

वादी सिद्रला मी पोचलो पिकअपच्या हौद्यातून,
दोन शेळ्या, गवताचे भारे, मांडीवर आडवं चाक.
पंचेचाळीस घरं, मशीद, खजुरीत खेळणारं पाटाचं पाणी,
आणि मरहून, खुर्चीत.

त्याचं रक्त आठवड्यातून तीनदा धुवावं लागतं,
कपडे धुवावेत तसं तो सांगतो.
पहाटे पाचला पुतण्या त्याला पाठुंगळी घेतो,
गाडीत बसवतो, खुर्ची घडी करून मागे टाकतो.
आता पुतण्याला दुक्मच्या बंदरात नोकरी लागली आहे.
एवढी आनंदाची बातमी,
घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

शम्साने कॉफी ओतली, मुलगी त्याची.
विचारलं, "या चाकाने बस येते?"
माझं अरबी बाजारापुरतं.
म्हटलं, आकडा येतो.

परतताना आमची वस्तीची गाडी आठवली.
म्हसळ्याहून साडेसातला यायची, धुळीने माखून,
आणि रात्रभर शाळेसमोर झोपायची.
ड्रायव्हर-कंडक्टर ओट्यावर.
कुणाकडून भाकरी, कुणाकडून सुकट.
पहाटे तिची घरघर ऐकली की
बाळंतीण, कोर्टाची तारीख, दहावीचा पेपर,
सगळे एकदम उठायचे.

पण पायऱ्या तीन, आणि उंच.
आमची झैबू फुफू, पोलिओने पाय वाळलेली,
रोज पहाटे रेडिएटरसाठी कळशी भरून ठेवायची.
चढली कधीच नाही.
तीस वर्षं गाडी तिच्या दारात झोपली
आणि तिच्यावाचून गेली.
हे मी आठवणीत नेहमी गाळतो.
या वेळी गाळलं नाही.

मस्कतच्या बैठकीत पडद्यावर आकडा आला:
अपेक्षित प्रवासी, रोज अकरा.
कुणीतरी हसलं.
थुरैया मॅडमनी माझा कागद वर धरला,
"कडेला हे काय लिहिलंय? कुठली लिपी?"
मी सांगितलं: वस्ती.
गाडीने शेवटच्या गावात रात्र काढायची,
म्हणजे पहाट तिथूनच सुरू होते.
आणि दार जमिनीला टेकलं पाहिजे, मॅडम.
नाहीतर काही उपयोग नाही.
शेवटचं वाक्य जरा जास्तच जोरात गेलं.

सहा महिने, प्रायोगिक, असं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी रॅम्प उघडला
आणि हवेतच राहिला, जमीन तिथे उतरती.
नकाशात ती सपाट होती. माझ्याच नकाशात.
मी मान खाली घालून उभा.
गावकऱ्यांनी दगड आणले, कुणी अर्धी गोण सिमेंट,
इमामांच्या मुलाने मोबाइलचा उजेड धरला.
ड्रायव्हर सुलेयमचं अंथरूण तोवर मशिदीशेजारच्या खोलीत पडलं होतं,
उशाला खजुराची ताटली.

पहाटे मरहूनच्या दारापासून ओट्यापर्यंत
मी चाक चालवलं: एकतीस.
त्याने खुर्ची स्वतः वळवली.
शम्सा हात पुढे करून मागे घेत राहिली,
काय करावं या हातांचं, तिला कळेना.
तो चढला. पट्टा लावला. घड्याळ बघितलं,
जणू उशीर झाला म्हणून कुरकुर करणार.

सहा महिन्यांनंतरचं मला माहीत नाही.
सुलेयमने आरशात पाहिलं, दार मिटायला बटणाकडे हात नेला.
इथे कंडक्टर नसतो.
मग मीच ओरडलो, मराठीत,
आमच्या गावच्या कंडक्टरसारखं, अंधाराकडे तोंड करून:
अजून कुणी आहे का?

भाषा कुणालाच कळली नसणार.
वरच्या आळीत दोन दारं उघडली.